कंदिलाचा करपलेला कागद

आकाशकंदील घरीच बनत, तेव्हा त्यांची दुरुस्तीही घरीच होई. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि कणकेची खळ एवढ्यावर काम भागे.

आत पणती असेपर्यंत भीती ज्योतीची होती. वाऱ्याने कंदील हलला की कागद पेटायचा. विजेचा दिवा आला आणि आगीचे भय कमी झाले, पण उष्णता राहिलीच. तारेचा बल्ब विजेचा जेमतेम विसावा भाग प्रकाशात बदलतो, उरलेली बहुतेक वीज उष्णताच होते. साठ वॅटच्या बल्बची काच शंभर अंशांपलीकडे तापते. गरम हवा वर चढते, म्हणून वरच्या पाकळ्या आधी पिवळ्या पडत, मग तपकिरी होऊन बोट लावताच तुटत.

अशा वेळी सांगाडा कोणी टाकत नसे, आणि ते शहाणपणाचेच होते. करपलेला कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलायचा, कामटीवरची जुनी खळ खरवडायची, सैल गाठी आवळायच्या. नवा कागद कामटीच्या कडेपेक्षा बोटभर मोठा कापून कड आत दुमडायची. वरचे तोंड मात्र गरम हवा निघून जावी म्हणून उघडेच ठेवायचे.

पुढे सीएफएल आणि २०१५च्या सरकारी उजाला योजनेनंतर स्वस्त झालेले एलईडी घरोघरी पोचले. कागद करपणे जवळपास थांबले. आता त्याला फाडतो तो अवकाळी पाऊस.