बर्टनच्या विहिरींतले जिप्सम

१८३० साली इंग्लंडमध्ये बदनामीचा एक दावा गाजला. दावा लावणारे होते बर्टन अपॉन ट्रेंट या गावचे बिअर बनवणारे, आणि तो लावला होता उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करण्यासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेवर. म्हणजे आपल्याच जातकुळीच्या! बर्टनचे लोक बिअरमध्ये भेसळ करतात, असे या संस्थेने छापले होते. त्यावर जो खुलासा पुढे आला तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा ठरला. बर्टनच्या बिअरचे वेगळेपण विहिरींच्या पाण्यातून येत होते आणि त्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, विरघळलेले होते. वर्गातला खडू बहुधा याच खनिजापासून बनतो.

बर्टनच्या खालचे खडक जिप्समयुक्त आहेत. त्यांतून झिरपलेल्या पाण्याच्या कित्येक विश्लेषणांत लीटरमागे ६०० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट आढळते. या पाण्यापासून बनवलेली फिकट, कडवट 'पेल एल' १८२० च्या दशकापासून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजांनी येऊ लागली. लंडनच्या पाण्यात मात्र कार्बोनेट भरपूर. त्यात काळी 'पोर्टर' उत्तम होई, फिकट बिअर तितकीशी साधत नसे.

असे का व्हावे? मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे भरडून गरम पाण्यात भिजवले की त्यांतली विकरे पिठूळ पदार्थाची साखर करतात. हे काम सुमारे ५.२ ते ५.६ या पीएचला चांगले चालते. कॅल्शियमचे आयन दाण्यांतल्या फॉस्फेटशी संयोग पावतात, हायड्रोजन आयन मोकळे होतात आणि पीएच उतरतो. बायकार्बोनेट नेमके उलट करते, हायड्रोजन आयन गिळून टाकते. खरपूस भाजलेले काळे दाणे स्वतःच आम्लधर्मी असल्याने ते लंडनच्या पाण्याला पुरून उरत. फिकट दाण्यांना ते जमत नसे. (पीएचची मोजपट्टीसुद्धा एका बिअर कारखान्याच्याच प्रयोगशाळेतून आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये सोरेन्सन यांनी ती १९०९ साली मांडली.)

हे सारे कळण्याआधी कारखानदारांपुढे एकच वाट होती. पाणी आणता येत नाही, तर आपणच तिकडे जावे. लंडनच्या ट्रूमन कंपनीने १८७३ मध्ये बर्टनमध्ये कारखाना घेतला. पाचच वर्षांनी, १८७८ साली, चार्ल्स विन्सेंट यांनी साध्या पाण्यात जिप्सम घालून ते बर्टनसारखे करण्याची रीत दिली. ज्या पदार्थावरून भेसळीचा संशय यावा, तोच आता उघडपणे पोत्यांनी आणून पाण्यात पडू लागला! या रीतीला 'बर्टनायझेशन' असे गावाचेच नाव मिळाले.

सगळीकडे जिप्सम लागते असे मात्र नाही. बोहेमियातल्या पिल्सनचे पाणी जवळजवळ क्षारविरहित. त्यातच योजेफ ग्रोल यांनी १८४२ मध्ये सोनेरी, सौम्य बिअर बनवली.

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरचा परवाना रद्द झाला. आज तिथला हौशी माणूस आधी नळाच्या पाण्याचा अहवाल मागवतो, मग तराजूवर ग्रॅम-दोन ग्रॅम जिप्सम तोलतो. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर तो ते उकळून, थंड करून, वरचे निवळ पाणी ओतून घेतो. तात्पुरता दुष्फेनपणा घालवण्याची पाठ्यपुस्तकातली कृती ती हीच.