पंधरा रेषा, दिसतात चार

हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सहाव्या पातळीवरून पहिलीपर्यंत उतरले, तर वर्णपटात किती रेषा मिळतील? बारावीची मुलं क्षणात सांगतात, पंधरा. सहा गुणिले पाच भागिले दोन. क्लासमध्ये ही 'ट्रिक' देतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. परीक्षेत वेळ कमी असतो, मान्य. पण या आकड्यामागचा इतिहास गाळणं मला महागात पडणारं वाटतं.

या पंधरांपैकी डोळ्यांना दिसतात फक्त चार. एक लाल, एक हिरवट निळी, दोन जांभळट. बाकीच्या अतिनील किंवा अवरक्त भागात. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी या चारींची तरंगलांबी काटेकोर मोजली होती, पण त्या नेमक्या तिथेच का, हे कोडंच होतं.

१८८५ मध्ये ते आकडे हाती घेतले योहान बामर यांनी. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मुलींच्या शाळेत शिकवणारा, साठीचा गणिताचा मास्तर! त्यांनी ३६४५.६ ही एकच संख्या शोधली. तिला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ ने गुणा, चारही रेषा हजर. अणूत इलेक्ट्रॉन असतो हे तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं.

असं का होतं, ते सांगायला १९१३ साल आणि नील्स बोर यावे लागले. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उडी मारतो आणि तेवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. बोर यांनी रेषांच्या मोजणीचं आणखी एक कोडं सोडवलं. प्रयोगशाळेतल्या नळीत बामर श्रेणीच्या बाराच रेषा सापडत, काही ताऱ्यांच्या प्रकाशात मात्र तेहतीस. कारण साधं आहे. पातळी जितकी वरची तितका अणू फुगतो, पातळी दुप्पट तर आकार चौपट. नळीतल्या वायूत इतक्या फुगलेल्या अणूला जागाच नसते. ताऱ्यांकडच्या अतिविरळ वायूत ती असते.

आता मुलांना विचारून बघा, अणू एकच असेल तर? बरीच जण तरीही पंधराच म्हणतील. पण एक अणू एका वेळी एकाच वाटेने उतरणार. प्रत्येक पायरीवर थांबला तरी पाचच रेषा. पंधरा हा आकडा असंख्य अणूंच्या गर्दीचा आहे.

सूत्र वापरा, मार्क मिळवा. पण रेषा कुणाच्या आणि त्यातल्या दिसणार किती, हे विचारायची सवय मुलांना लागली नाही, तर आपण फक्त गुणाकार शिकवतोय, विज्ञान नाही. शिक्षक मंडळींनी यावर जरूर लिहावं.