कुत्र्याची अॅलर्जी : दोष केसांचा नव्हे

घरात कुत्रा आला आणि शिंका सुरू झाल्या, की दोष त्याच्या केसांना दिला जातो. प्रत्यक्षात अॅलर्जीचे मूळ कुत्र्याची लाळ, त्वचेचा कोंडा आणि मूत्र यांतील प्रथिनांत असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण कोंड्यासह हवेत पसरतात. गाद्या, पडदे व कपड्यांनाही ते चिकटतात. शिंका, नाक वाहणे, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी उठणे ही त्याची लक्षणे होत. दम्याच्या रुग्णांना धाप लागते.

जातीचा भ्रम

कमी केस गळणाऱ्या जातींमुळे अॅलर्जी होत नाही, हा समज फसवा आहे. हवाई बेटांवरील एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता. मात्र तिच्या पतीला कुत्र्यांची अॅलर्जी होती. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये लॅब्रेडॉर व पूडल यांचा संकर घडवला. तीन पिलांच्या लाळेचे व केसांचे नमुने पाठविले असता पतीला त्यांपैकी एकच मानवले. म्हणजेच एका वेतातील पिलांतही फरक असतो. २०११ मधील अमेरिकी पाहणीत, 'अॅलर्जीमुक्त' म्हणविणाऱ्या जातींच्या घरांतील धुळीत ही प्रथिने इतर घरांपेक्षा कमी आढळली नाहीत.

एक प्रथिन केवळ नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. फक्त त्याचीच अॅलर्जी असलेल्यांना मादी सोसू शकते. रक्ततपासणीत हे समजते.

काय करावे?

* कुत्रा घरी आणण्यापूर्वी त्याच कुत्र्याच्या सहवासात अनेकदा काही तास घालवावेत. दमा असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
* शयनगृहात कुत्र्याला प्रवेश नसावा. चादरी, अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत.
* जाड गालिचे टाळावेत; फरशी ओल्या फडक्याने पुसावी. 'हेपा' गाळणीचे यंत्र हवेतील कण घटवते.
* आंघोळीचा परिणाम काही दिवसच टिकतो. ती किती वेळा घालावी, हे पशुवैद्यकांना विचारावे.
* केस विंचरण्याचे काम अॅलर्जी नसलेल्या व्यक्तीने घराबाहेर करावे.
* कुत्र्याला कुरवाळल्यावर हात धुवावेत.

निदान आधी, निर्णय नंतर

धुळीतील माइट, झुरळे व बुरशी यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे त्वचा किंवा रक्ततपासणीविना कुत्र्याला घराबाहेर काढणे अन्यायाचे ठरू शकते. अॅलर्जीच्या गोळ्या चालू असल्यास त्वचातपासणी चुकू शकते. डॉक्टरांना तसे सांगावे. गोळ्या व नाकातील फवाऱ्याने अनेकांना आराम पडतो. काहींना अॅलर्जीप्रतिबंधक इंजेक्शनांचा दीर्घ उपचार सुचविला जातो.

उपचारांनंतरही दमा आटोक्यात येत नसेल, तर मात्र कुत्र्यासाठी दुसरे प्रेमळ घर शोधणेच हिताचे. तो गेल्यावरही प्रथिने घरात कित्येक महिने टिकतात. लगेच आराम पडला नाही, म्हणून निदान चुकले असे समजू नये.