‘एक शून्य शून्य’ आणि पोलिसाची प्रतिमा

‘करमचंद’ (१९८५) या हिंदी मालिकेचा नायक गाजर खाणारा, काळा चष्मा लावणारा खासगी गुप्तहेर होता. मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेने मात्र पोलीस तपासालाच कथेचा कणा केले. तिचे शीर्षकही पोलिसांच्या १०० या दूरध्वनी क्रमांकाचे. बी. पी. सिंग व शिवाजी साटम यांनी हाच धागा १९९८ पासून ‘सीआयडी’त पुढे नेला. कोडे उलगडणारा शहरी अधिकारी ही पोलिसाची प्रतिमा त्यातून घरोघरी रुजली.

कुरखेडा परिसरात ती अपुरी पडते. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान व वाहनचालक मृत्युमुखी पडले. हा जवान त्या पडद्यावर नव्हता. या मालिकांचे मूल्यमापन करताना ही उणीव नोंदविणे अगत्याचे ठरते.