काचपेटीतून शाळेच्या बाकापर्यंत : अपुऱ्या दिवसांची मुले आणि अवधानाचा प्रश्न

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले मात्र दगावते, ही समजूत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात ती आढळते. चरकसंहितेतही आठव्या महिन्यात ओज माता आणि गर्भ यांच्यात अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती धोक्याची मानली आहे. आधुनिक निरीक्षणांनी ही समजूत खोटी ठरवली. गर्भाशयात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या जगण्याची शक्यता वाढवतो. तरीही या समजुतीमागचा प्रश्न शतकानुशतके एकच राहिला : हे मूल जगेल का? जगलेले मूल पुढे कसे वाढेल, पंधराव्या वर्षी वर्गात त्याचे लक्ष लागेल का, हा प्रश्न विचारण्याची वेळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आलीच नाही. जी मुले जगतच नव्हती, त्यांच्या अभ्यासाची चिंता कोण करणार?

जगण्याच्या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिउद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि १८८० च्या सुमारास तशीच ऊबपेटी नवजात बालकांसाठी करवून घेतली. तिच्या वापरानंतर २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. बाळाला ‘पेटीत ठेवणे’ हा आज आपल्याकडे घरोघरी कळणारा शब्दप्रयोग या पेटीचाच दूरचा वारसा आहे.

मेंदूचा विचार त्याआधीच एका वेगळ्या वाटेने सुरू झाला होता. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे विल्यम जॉन लिटल यांनी एक निबंध वाचला. अकाली जन्म, कष्टाची प्रसूती आणि जन्मवेळची गुदमर यांचा मुलांच्या हातापायांतील ताठरपणाशी संबंध असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर १९०२ मध्ये लंडनमध्येच जॉर्ज स्टिल यांनी काही मुलांचे वर्णन केले. बुद्धी शाबूत असूनही ही मुले एका गोष्टीवर मन स्थिर ठेवू शकत नव्हती आणि स्वतःला आवरू शकत नव्हती. आज ज्याला एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणतात त्याच्या इतिहासात या व्याख्यानांचा उल्लेख हमखास येतो. एका प्रवाहात अकाली जन्म आणि शरीर होते, दुसऱ्यात अवधान आणि वर्तन. हे दोन प्रवाह एकत्र येण्यास बराच काळ जावा लागला.

मधल्या काळात सारी शक्ती श्वासावर खर्च झाली. त्यात एक कटू धडाही मिळाला. १९४० च्या दशकात ऊबपेट्यांमधून मुक्तहस्ताने दिलेल्या प्राणवायूमुळे जगभर हजारो बालके अंध झाली. अतिरिक्त प्राणवायू हेच कारण आहे, हे १९५० च्या दशकातील चाचण्यांनी सिद्ध केले. जीव वाचवणारा उपचार वाचलेल्या जीवाला इजाही करू शकतो, हे नवजात-वैद्यकाला तेव्हा प्रथमच इतक्या स्पष्टपणे कळले. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवले, की या बालकांच्या फुप्फुसांत हवेच्या पिशव्या मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ, सर्फॅक्टंट, पुरेसा नसतो. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड देऊन बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व करता येतात, असे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देण्यात यश मिळवले. एकेकाळी ज्यांची आशा सोडली जात असे, ती बालके आता घरी जाऊ लागली आणि काही वर्षांनी शाळेतही.

त्याच सुमारास मेंदू पाहण्याचे मार्गही खुले झाले. न भरलेल्या टाळूतून सोनोग्राफी करता येते, त्यामुळे काचपेटीतील बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव तेथल्या तेथे दिसू लागला. परंतु मोठा रक्तस्राव न झालेल्या मुलांनाही पुढे शाळेत अडचणी येत होत्या. गर्भावस्थेच्या २४ व्या ते ४० व्या आठवड्यांत मेंदूचा पृष्ठभाग वेगाने घड्या घेतो, थॅलॅमस आणि मेंदूचे बाह्यक यांच्यातील जोडण्या बांधल्या जातात आणि चेतातंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी तयार होत असतात. या अपरिपक्व पेशी प्राणवायूची कमतरता आणि दाह यांना विशेष बळी पडतात. जोसेफ व्होल्प यांनी २००९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडले, की यात प्रत्यक्ष इजा आणि तिच्यामुळे खुंटलेली पुढची वाढ या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

दरम्यान दीर्घकालीन पाठपुराव्याचे आकडे हाती येऊ लागले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अकाली जन्मलेल्या शालेय मुलांत एडीएचडीचा धोका अडीचपटींहून अधिक आढळला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांचा ‘एपिक्युअर’ हा अभ्यास प्रसिद्ध आहे. अकराव्या वर्षी त्यांच्यापैकी ११.५ टक्के मुलांत एडीएचडीचे निदान झाले. त्यांच्या वर्गमित्रांत हे प्रमाण २.९ टक्के होते. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारित २०११ च्या अभ्यासात हा संबंध पायऱ्यापायऱ्यांनी चढताना दिसतो. ३९ ते ४१ आठवड्यांच्या मुलांशी तुलना करता, एडीएचडीचे औषध घ्यावे लागण्याची शक्यता ३५-३६ आठवड्यांच्या मुलांत १.३ पट, तर २३ ते २८ आठवड्यांच्या मुलांत २.१ पट होती.

या मुलांची अडचण बहुधा धडपड्या, दंगेखोर स्वरूपाची नसते. ती बेध्यानपणाची असते. असे मूल वर्गात शांत बसते, कोणाला त्रास देत नाही आणि म्हणूनच कोणाच्या नजरेतही येत नाही.

पण हा बेध्यानपणा आणि पूर्ण दिवसांच्या मुलांतील एडीएचडी या एकच गोष्टी आहेत का? येथे मेंदूच्या विद्युत्-लहरींचा इतिहास उपयोगी पडतो. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख टिपला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९६४ मध्ये ग्रे वॉल्टर आणि सहकाऱ्यांना एक विशेष लहर सापडली. सूचना मिळाल्यानंतर आणि कृतीची वेळ येण्यापूर्वी मेंदू जणू कंबर कसून तयार होतो. ती तयारी या लहरीत दिसते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१७ मध्ये हे साधन तीन गटांतील किशोरांवर वापरले : अकाली जन्मलेले, पूर्ण दिवसांचे पण एडीएचडी असलेले आणि पूर्ण दिवसांचे निरोगी. पडद्यावर अक्षरे येत राहतात, ठरावीक जोडी आली तरच बटण दाबायचे, एरवी हात आवरायचा, अशी ही कसोटी. अकाली जन्मलेल्यांच्या लहरींत एडीएचडीसारखे काही फरक दिसले. त्याशिवाय एडीएचडीच्या गटात न आढळलेले आणखी काही फरकही दिसले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन अडचणींचे आतले स्वरूप पूर्णपणे एक नव्हते. त्यामुळे एका गटासाठी योग्य ठरलेला उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही.

भारतात या प्रश्नाचा पाठपुरावा सर्वप्रथम ज्यांनी चिकाटीने केला, त्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम महत्त्वाचे आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा त्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेतच होता, पण तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. डोळा आणि हात यांचा मेळ, वाचन आणि गणित यांत ती मागे पडत होती. या गटात अकाली जन्मलेली आणि दिवस भरूनही गर्भात खुरटलेली, अशी दोन्ही प्रकारची मुले होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कमी वजन आणि अपुरे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भारतात त्यांची गल्लत सहज होते.

२०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अकाली जन्मली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतात. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा पातळीवरचा विशेष नवजात काळजी कक्ष सुरू झाला आणि त्याचे अनुकरण देशभर झाले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचा सहभाग असलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, जन्मानंतर लगेच बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेने ठेवल्यास मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात, असे दिसले. फरिदाबाद आणि चेन्नई येथील संशोधकांनी २०२४ मध्ये भारतीय मातांच्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय ठरवणारे गणिती प्रारूप मांडले. ते महत्त्वाचे आहे, कारण किती आठवडे कमी पडले हेच नीट ठाऊक नसेल, तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

जगण्याची बाजू अशी सावरत असताना शाळेची बाजू मात्र अजून लंगडी आहे. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या तपासणीची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला स्थान मिळाले. एडीएचडीचा मात्र स्वतंत्र प्रकार म्हणून समावेश नाही. जन्माचा कागद रुग्णालयाच्या फाइलीत राहतो, प्रगतिपुस्तक शाळेच्या कपाटात. या दोन कागदांची गाठ क्वचितच पडते. ती पडत नाही तोवर मेंदूच्या बांधणीतील अडचणीला ‘आळस’ असे नाव मिळत राहते.

त्याचबरोबर आकड्यांचा उलटा अर्थही लावू नये. एपिक्युअरच्या अत्यंत अकाली जन्मलेल्या गटातही दहापैकी जवळजवळ नऊ मुलांत एडीएचडी नव्हता. अकाली जन्म म्हणजे भाकीत नव्हे. तो अधिक जागरूकपणे पाहण्याचा संकेत आहे. मूल जगेल का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला. जगलेल्या मुलाला वर्गात वेळेवर ओळखण्यासाठी लागणारे ज्ञान मात्र आजच हाताशी आहे. ते शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचवणे एवढेच उरले आहे.