ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो: मी खोडलेल्या एका ओळीची गोष्ट

परवा पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "मुलाखतीत माणूस उघडउघड चुकीचं सांगत असेल तर ते ठेवायचं की काढायचं?" उत्तराआधी माझीच एक चूक सांगते.

माझा विषय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या दुरुस्तीचा इतिहास. म्हणजे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली.

गाडी कशी बनली याचे कागद सापडतात. ती तीस-चाळीस वर्षं चालती कशी ठेवली, याचे फारसे सापडत नाहीत. ते ज्ञान मेकॅनिक आणि चालकांच्या डोक्यात असतं, आणि ही मंडळी आता सत्तरीत आहेत. म्हणून मी मुलाखती घेते.

एका निवृत्त चालक काकांनी सांगितलं, "पासिंगसाठी गाडी रंगवून आणली की हमखास एक लफडं व्हायचं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा." मी घरी येऊन वायरिंगचा नकाशा उघडला. ब्रेकलाइटचा मार्ग वेगळा: फ्यूज, ब्रेकचा स्विच, मागचा बल्ब. इंडिकेटरचा वेगळा: फ्लॅशर, हँडलचा स्विच, मग पुढचा-मागचा बल्ब. दोन्हींची कुठेच गाठ नाही. म्हटलं, काकांची काहीतरी गल्लत होतेय. समासात 'स्मृतिदोष' लिहिलं आणि प्रकरणाच्या मसुद्यातून ती ओळ काढून टाकली.

पुढे दिवाळीत मामाकडे गेले. त्याची जुनी पद्मिनी नुकतीच रंगवून आली होती. मामाने ब्रेक दाबला, मी मागे उभी. डावा ब्रेकलाइट जेमतेम लाल, आणि शेजारचा इंडिकेटर मंद पिवळा. काकांचं वाक्य माझ्यासमोर पेटलेलं होतं!

मामाने दोन बल्ब बदलून पाहिले, काही फरक नाही. शेवटी गावातले मेकॅनिक आले. त्यांनी काहीच उघडलं नाही. एक वायर घेतली, एक टोक दिव्याच्या धातूच्या घराला लावलं, दुसरं खरवडून स्वच्छ केलेल्या बॉडीच्या पत्र्याला. ब्रेकलाइट लख्ख लागला, इंडिकेटर विझला. "ताई, बल्ब कशाला बदलताय? अर्थिंग गेलंय."

आता यात काय झालं ते नीट बघू. अशा गाडीत बल्बपर्यंत वायर जाते, पण परतीची वायर सहसा नसते. गाडीची बॉडीच परतीचा रस्ता असते. मागच्या दिव्यातले ब्रेक, टेल आणि इंडिकेटर हे सगळे त्याच धातूच्या घरातून बॉडीला जोडलेले. त्या घराखाली गंज चढला किंवा रंगाचा थर बसला, की तो रस्ता बंद. मग ब्रेकचा करंट दुसरी वाट शोधतो. तो इंडिकेटरच्या तारेतून उलटा शिरतो आणि त्याच बाजूच्या पुढच्या इंडिकेटरमधून बॉडीला पोचतो. वाटेतल्या बल्बांमध्ये व्होल्टेज वाटलं गेल्यामुळे कुठलाच दिवा पुरेसा लागत नाही. माझ्या नकाशात अर्थची खूण प्रत्येक बल्बखाली छापलेली होती. ती मी गृहीत धरली होती, वाचली नव्हती.

म्हणजे काकांची आठवण चोख होती आणि त्यात कारणही दडलेलं होतं: 'रंगवून आणली की'. नवा रंग दिव्याच्या घराखाली गेला की अर्थ तुटणार. पासिंगसाठी गाडी नीटनेटकी करायची, आणि त्यातूनच ब्रेकलाइट बिघडायचा. मागच्या गाडीला आपण थांबतोय हे न कळणं म्हणजे जिवाशी खेळ. काका पुढे म्हणाले होते, "मग मी हात बाहेर काढायचो." हेही मी 'जुनी सवय' म्हणून सोडून दिलं होतं. प्रत्यक्षात तो बिघाडावरचा उपाय होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 121 पाहा. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर वळण्याचा-थांबण्याचा इशारा साधनाने 'देता येईल'. डावीकडे असेल तर साधनानेच द्यायचा. कायद्याच्या शब्दांतही हाताला जागा उरलेली आहे.

एका गाडीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरंच. म्हणून मी पुन्हा चार मेकॅनिकांकडे गेले. "रंगामुळे अर्थ जायचा का?" असं विचारलं नाही, कारण त्यावर कुणीही 'हो' म्हणेल. विचारलं, "रंगकाम झाल्यावर गाडी परत यायची का? कशासाठी?" तिघांनी आपणहून मागच्या दिव्यांचं अर्थिंग सांगितलं. चौथ्याने दरवाज्याची रबरं सांगितली. तेही नोंदवलंय.

तर मैत्रिणीला उत्तर असं:

1. चुकीचं वाटणारं विधान काढू नका. शब्द तसेच ठेवा, शंका समासात लिहा, तारीख टाका.

2. कागद आणि माणूस यांचं जुळत नसेल तर कागद काय गृहीत धरतो ते आधी शोधा. नकाशा नव्या गाडीचा असतो, आठवण वीस वर्षं चाललेल्या गाडीची.

3. दिसणाऱ्या टोकापासून उलटं चालत जा. मेकॅनिक आधी फ्यूज बघतो, मग बल्ब आणि होल्डर, मग अर्थ, मग स्विचच्या दोन तारा जोडून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आपणही एका वेळी एकच गृहीतक तपासावं.

ती ओळ मी प्रकरणात परत घातली आहे. काकांना फोन करून सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "अगं, मी तेव्हाच सांगितलं होतं की!"