आज्ञेची सीमा : संगणकाच्या कळफलकावरील बहुकळ आज्ञांचा इतिहास

संगणकाच्या कळफलकावरून अक्षरे लिहिली जातात, तशाच आज्ञाही दिल्या जातात. पुष्कळ आज्ञांना दोन वा अधिक कळा लागतात. त्यांची जुळणी दोन प्रकारे होते : काही कळा एकदम दाबावयाच्या असतात, काही एकीमागून एक. पहिल्या जुळणीस येथे युगपत् व दुसरीस क्रमिक असे म्हटले आहे. व्यवहारात दोहोंस सरसकट ‘शॉर्टकट’ म्हणतात आणि त्यामुळे भेद झाकला जातो. आज्ञा कोठे संपली हे यंत्राने कसे ओळखावे, हा या भेदामागील खरा प्रश्न होय; वाक्यसीमेचा विचार करणाऱ्यास तो अपरिचित वाटू नये.

युगपत् जुळणीचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे. १८७८ च्या रेमिंग्टन क्र. २ या यंत्रात एकाच दांडीवर दोन अक्षरे असत व दुसरे उमटविण्यासाठी शिफ्ट कळ दाबून धरावी लागे. दूरमुद्रकावरील कंट्रोल कळ ही तिचीच धाकटी बहीण. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतात एकूण १२८ अंक होते. पैकी पहिले ३२ छपाईसाठी नसून यंत्रास सूचना देण्यासाठी राखलेले होते. कंट्रोलसह अक्षर दाबले की त्याच्या अंकातून ६४ वजा होत. ‘जी’चा अंक ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, आणि पलीकडच्या टोकाला घंटा वाजे. संगणकाकडे जाई तो केवळ हा अंक. कोणत्या कळा दाबल्या गेल्या हे त्यास कळतच नसे. कंट्रोल-आय व टॅब दोन्ही ९, कंट्रोल-एम व रिटर्न दोन्ही १३. या दोन जोड्यांतील समोच्चारिता जुन्या परंपरेने चालणाऱ्या टर्मिनलमध्ये आजही आढळते.

पडद्यावर मजकूर संपादण्याचे काम सुरू होताच ही बत्तीस अंकांची पुंजी अपुरी पडली. तेव्हा क्रमाचा आश्रय घेण्यात आला. एमआयटीमध्ये १९७६ साली सिद्ध झालेल्या इमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स हे पूर्वपद आहे. त्यापुढे कंट्रोल-एस आल्यास चालू फाइल साठविली जाते, नुसता एस आल्यास बदललेल्या सर्व फाइलींविषयी पृच्छा होते. १९७८ च्या वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के हे पूर्वपद होते, तेथे मात्र दुसरे अक्षर कंट्रोलसह असो वा नसो, अर्थ एकच. शिवाय पूर्वपदानंतर लेखक घुटमळला तर शक्य त्या उत्तरपदांची यादी पडद्यावर येई. जाणत्याला अडवू नये आणि नवख्याला हात द्यावा, अशी ही योजना प्रस्तुत लेखकास त्या काळातील सर्वांत सुज्ञ वाटते.

पूर्वपदाला स्वतःचा अर्थ असावा काय? आपल्या जोडाक्षराशी तुलना केल्यास उत्तर स्पष्ट होते. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क्त’ लिहिण्यास क, हलन्त व त अशा तीन कळा क्रमाने लागतात. संगणक येथे थांबत नाही : प्रथम क दाखवितो, मग क्, मग क्त. पुढील कळेने मागील रूप सुधारून घेता येते. आज्ञेचे तसे नाही. ती एकदा अमलात आली की घडलेली कृती पुढील कळेने वेगळीच होऊन जात नाही. म्हणून पूर्वपद अर्थशून्य ठेवणे भाग पडते. इमॅक्स हा नियम कडकपणे पाळतो. अर्थवान कळेपुढे दुसरी जोडू गेल्यास तो नकार देतो. विम या संपादकाने दुसरी वाट धरली. तेथे पूर्वपदालाही अर्थ असू शकतो. मग यंत्र १,००० सहस्रांश सेकंद, म्हणजे एक सेकंद, वाट पाहते आणि पुढे काही न आल्यास आज्ञा पुरी झाली असे मानते. विराम हेच येथे व्याकरण. मंद हाताच्या माणसाला असे व्याकरण जाचक होते, हे सांगावयास नकोच.

२०१५ च्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कंट्रोल-के, कंट्रोल-एस अशा क्रमिक आज्ञा आहेत. पूर्वपद दाबताच ‘दुसऱ्या कळेची वाट पाहत आहे’ अशा आशयाची सूचना खाली उमटते. या क्रमास तेथे ‘कॉर्ड’ म्हणतात. संगीतातील कॉर्डचे स्वर तर सामान्यतः एकदम वाजतात; संज्ञा अगदी उलटी पडली आहे.

एक प्रश्न मात्र आपल्या दाराशीच आहे. आज्ञेतील कळ अक्षराने ओळखावी की जागेने? इन्स्क्रिप्ट चालू असता ‘सी’च्या कळेवर ‘म’ येतो. विंडोजमध्ये मराठी मांडणीच्या तळाशी कळेचे रोमन नाव कायम ठेवलेले असते, म्हणून कंट्रोल-म दाबूनही प्रत निघते. पण एखाद्या आज्ञावलीच्या कर्त्याने उमटणारे अक्षरच तपासले, तर तिला ‘सी’ऐवजी ‘म’ दिसतो आणि काहीच घडत नाही. मराठी लिहिणाऱ्याला दर आज्ञेपूर्वी कळफलक इंग्रजीवर न्यावा लागतो. उलट दिशेचाही झगडा आहे. विंडोज उजवी आल्ट कळ ही कंट्रोल व आल्ट यांची जोडी समजते. २०१० मध्ये स्वीकारलेले ₹ हे चिन्ह भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी आल्ट व ४ यांनी उमटते. एखाद्या आज्ञावलीने कंट्रोल-आल्ट-४ ही आज्ञा स्वतःकडे घेतली की रुपया लिहू पाहणाऱ्याच्या पडद्यावर चिन्हाऐवजी ती आज्ञाच चालू होते.